तेलविहिरीचा जमाखर्च : किक वेळेत ओळखून विहीर ताब्यात कशी ठेवावी

बडोद्याहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, जुहूच्या तळावरून हेलिकॉप्टर आणि मग चौदा दिवस समुद्रात. या वेळापत्रकावर पहिल्यांदाच निघालेल्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिले आहे. रिगवर रोजचे काम काय ते तिथली माणसे शिकवतीलच. विहीर हातातून निसटायला लागली हे कसे कळते आणि त्या पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे मात्र घरून निघण्याआधीच डोक्यात पक्के हवे. अंकलेश्वरच्या शेतात काही बिघडले तर माणूस पळून निदान लांब तरी जाऊ शकतो. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर त्याच जाळीच्या लोखंडी जमिनीवर शेजारच्या दहा विहिरी, तुमची झोपायची खोली आणि लाइफबोट असे सगळे एकत्र असते.

दोन शब्द आधी स्पष्ट करू. खडकातले तेल, गॅस किंवा पाणी विहिरीत शिरले की ती किक. तो शिरकाव आपल्या ताब्याबाहेर गेला की ब्लोआऊट. किक हा धंद्याचा भाग आहे, ती येणारच. ब्लोआऊट होतो तो बहुतेक वेळा हिशेबातला लहानसा फरक कोणीतरी पाहिला आणि सोडून दिला म्हणून.

आधी ओट्यावर करून पाहा

गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी दोन मीटर घ्या आणि तिचा इंग्रजी यू करून भिंतीला बांधा. एक लिटर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात निळीचे दोन थेंब टाका. या खाऱ्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२० होते, म्हणजे बऱ्याच विहिरींत वापरतात त्या मडइतके (मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवायचा चिखलासारखा जड द्रव). नळी खाऱ्या पाण्याने अर्धी भरा. आता एका बाजूने साधे पाणी हळूहळू, भिंतीला लागून सोडा. साध्या पाण्याचा ६० सेंटिमीटर उंच थर झाला की दोन पाण्यांच्या सीमेपासून मोजलेले दुसऱ्या बाजूचे खारे पाणी ५० सेंटिमीटरवर थांबलेले दिसेल. तळाशी दोन्हींचा दाब सारखा आहे.

विहीर म्हणजे हीच नळी. एक भुजा ड्रिल पाइपच्या (खोदाईच्या पोकळ नळीच्या) आत, दुसरी पाइप आणि विहिरीची भिंत यांच्यामधली पोकळी, अर्थात अॅन्युलस. अॅन्युलसमध्ये हलका गॅस शिरला की ती बाजू हलकी होते, म्हणून विहीर बंद केल्यावर केसिंगचा (विहिरीला अस्तर म्हणून बसवलेल्या पोलादी नळीचा, म्हणजे अॅन्युलसच्या बाजूचा) दाब पाइपच्या दाबापेक्षा जास्त दिसतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढची सगळी सूत्रे आपोआप सुचतात.

मूळ सूत्र एकच: मडचे विशिष्ट गुरुत्व गुणिले उभी खोली मीटरमध्ये, भागिले दहा. उत्तर किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येते, पुढे त्याला नुसते 'किलो' म्हणू. २००० मीटरवर १.२० मडचा दाब २४० किलो. खोली नेहमी उभी घ्यायची. तिरकी विहीर २८०० मीटर लांब असली तरी दाब २००० मीटरचाच.

आत किती गेले, बाहेर किती आले

खोदताना मडचे एक वर्तुळ चालू असते: टाकीतून पंप, पंपातून पाइप, बिटमधून (खोदणारे टोक) अॅन्युलस, तिथून शेकर (खडकाचा चुरा गाळणारी चाळणी) आणि परत टाकी. जितके गेले तितकेच परत यायला हवे. जास्त आले तर तो फरक खडकाने दिला आहे. खात्रीच्या खुणा तीन आहेत: परतीचा प्रवाह वाढणे, टाकीची पातळी चढणे आणि पंप बंद केल्यावरही विहीर वाहत राहणे. बाकीच्या खुणा इशारे आहेत. खोदाईचा वेग एकदम वाढणे, पंपाचा दाब उतरून स्ट्रोक (पंपाच्या दट्ट्याचे फेरे) वाढणे, मडमध्ये गॅस किंवा क्षार वाढणे, यांपैकी काहीही दिसले की फ्लो चेक करायचा. बिट तळापासून उचला, पंप थांबवा आणि पंधरा मिनिटे विहिरीकडे पाहा. शंका असेल तर आणखी पंधरा.

टाकीच्या पातळीचा गजर सैल लावून ठेवण्याची खोड फार महाग पडते. वारंवार वाजतो म्हणून तो पाच घनमीटरवर नेला की किक पाच घनमीटरची होऊन मगच कळणार. एक घनमीटरच्या आसपास ठेवा. मड मिसळताना, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घेताना, पुरवठा जहाजावर देताना प्रत्येक हालचाल आधी ड्रिलरला (खोदाई चालवणाऱ्याला) कळवा. कळवता येत नसेल तर ती हालचाल करू नका.

किक सगळ्यात जास्त फसवते ती पाइप बाहेर काढताना, म्हणजे ट्रिपमध्ये. पाइप निघाला की त्याच्या पोलादाची जागा रिकामी होते आणि ती मडने भरावी लागते. ५ इंची पाइपच्या एका स्टँडचे (एकदम बाहेर काढायच्या जोडलेल्या पाइपांचे), साधारण २८ मीटरचे, पोलाद ११० लिटर जागा व्यापते. पाच स्टँड काढले की ट्रिप टँकमधून (ट्रिपचा हिशेब ठेवायच्या लहान टाकीतून) ५५० लिटर मड विहिरीत गेले पाहिजे. गेले फक्त ३५०? उरलेले दोनशे लिटर खालून कोणीतरी भरले. टाकी 'वाढलेली' कुठेच दिसत नाही, फक्त अपेक्षेपेक्षा कमी घटलेली दिसते. म्हणून ट्रिप शीटवर 'हिशेबाने किती' आणि 'प्रत्यक्ष किती' असे दोन रकाने शेजारी हवेत आणि मागच्या ट्रिपचे आकडे समोर हवेत. पाइपमधून मड सांडत निघत असेल, म्हणजे ओला ओढला जात असेल, तर स्टँडमागे सुमारे ३७० लिटर धरा. ड्रिल कॉलरचे (बिटच्या वर बसवलेल्या जाड, जड नळ्यांचे) तर वेगळेच गणित: साडेसहा इंची कॉलरचा एक स्टँड साडेचार पाइप स्टँडइतके पोलाद बाहेर काढतो. ट्रिप संपत आली म्हणून सगळे सैलावतात तेव्हाच विहीर सगळ्यात वेगाने रिकामी होत असते.

पाइप जोरात ओढला की तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा खालून ओढून घेतो. याला स्वॅबिंग म्हणतात. बिटला चिकणमाती चिकटली असेल किंवा मड घट्ट असेल तर हे हमखास होते. हिशेब चुकला की ट्रिप थांबवायची, फ्लो चेक करायचा आणि विहीर वाहत नसली तरी पाइप परत तळाला नेऊन मड पूर्ण फिरवायचे. 'वाहत तर नाही ना, चला पुढे' हा निर्णय चुकीचा आहे, कारण तळाशी पडलेला दोनशे लिटर गॅस वर सरकेपर्यंत शांतच असतो.

विहीर बंद करणे

विहीर बंद करायची ती बीओपीने, म्हणजे तिच्या तोंडावरच्या झडपांच्या संचाने. त्यातले अॅन्युलर म्हणजे पाइपभोवती आवळणारे रबरी कडे, रॅम म्हणजे दोन बाजूंनी येऊन मिटणारे पोलादी ठोकळे. चोक म्हणजे बाहेर येणारा प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह. विहीर बंद करण्याचा अधिकार ड्रिलरचा आहे. कोणाला विचारायचे नाही, टूलपुशरला (ड्रिलरच्या वरिष्ठाला) उठवून परवानगी घ्यायची नाही. आधी बंद, मग फोन. खोदताना किक आली तर क्रम असा:

१. रोटरी किंवा टॉप ड्राइव्ह थांबवा, पाइप इतका उचला की टूल जॉइंट (पाइपचा जाड सांधा) रॅमच्या समोर येणार नाही. ही उंची शिफ्टच्या सुरुवातीलाच मोजून फळ्यावर लिहिलेली हवी.
२. पंप बंद करा, प्रवाह पाहा.
३. वाहत असेल तर अॅन्युलर बंद करा. चोक आधीपासून बंद असतो; चोक लाइनवरचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे केसिंगचा दाब वाचता येतो.
४. विहीर खरोखर बंद झाली का ते डोळ्यांनी पाहा: वरून गळती नाही, टाकी स्थिर आहे, परतीची लाइन थांबली आहे.
५. वेळ, पाइपचा दाब, केसिंगचा दाब आणि टाकीत किती वाढ झाली ते लिहा. पहिली दहा मिनिटे दर मिनिटाला.

ट्रिपमध्ये असाल तर स्लिप्स (पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरी) लावून सर्वांत आधी फुल ओपनिंग सेफ्टी व्हॉल्व्ह पाइपवर बसवा. तो उघडा असतानाच बसवायचा, घट्ट करायचा, मग बंद. बंद व्हॉल्व्ह उसळत्या प्रवाहावर बसत नाही. नॉन-रिटर्न प्रकारचा इनसाइड बीओपी त्याच कारणाने आधी बसवायचा नाही, त्याची पाळी नंतर. व्हॉल्व्ह, त्याची चावी आणि विहिरीत चालू असलेल्या प्रत्येक थ्रेडसाठीचा क्रॉसओव्हर (जोडतुकडा) ड्रिल फ्लोरवर हाताला लागेल असा हवा. चावी कुलूपबंद पेटीत असेल तर ती नसल्यातच जमा.

आकडे काय सांगतात

उदाहरण घेऊ. खोली २००० मीटर, मड १.२०, विहीर साडेआठ इंची, तळाशी साडेसहा इंची कॉलर दीडशे मीटर. बंद केल्यावर पाइपवर २० किलो, केसिंगवर ३२ किलो, टाकीत वाढ २ घनमीटर.

पाइपमध्ये स्वच्छ मड आहे, म्हणून खडकाचा दाब तिथूनच कळतो: २४० अधिक २०, म्हणजे २६० किलो. लागणारे मड: १.२० अधिक २० × १० ÷ २०००, म्हणजे १.३०. पाइपमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह (खालून वर येणारा प्रवाह अडवणारी झडप) असेल तर मापक शून्य दाखवेल. तो शून्य खरा धरू नका. पंप अगदी हळू चालवून फ्लोट उचला आणि केसिंगचा काटा हलायला लागतो त्या क्षणीचा पाइपचा दाब नोंदवा.

काय शिरले आहे? कॉलरभोवतीच्या पोकळीत मीटरमागे १५.२ लिटर मावतात, म्हणून दोन घनमीटरची उंची १३१ मीटर. दोन दाबांतला फरक १२ किलो. १३१ मीटर उंचीत १२ किलो कमी पडले, म्हणजे शिरलेल्या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व जेमतेम ०.२८. तो गॅस आहे. तेल असते तर ०.७ ते ०.९ च्या आसपास आले असते.

केसिंगचा शू (खालचे टोक) १२०० मीटरवर आणि तिथला लीक-ऑफ (किती जड मडला तिथला खडक फुटू लागतो तो आकडा) १.६० असेल तर वरचा दाब किती चढू द्यायचा? (१.६० − १.२०) × १२०० ÷ १०, म्हणजे ४८ किलो. ३२ वर आहोत, जागा आहे. पण ती जागा किती वेळ टिकते ते पाहा. बंद विहिरीत गॅस स्वतःहून वर सरकतो. ठोकताळा तासाला ३०० मीटरचा. आपला दाब तो सोबत घेऊन येतो, म्हणून तासात केसिंगवर आणखी ३६ किलो चढतात. ३२ अधिक ३६ झाले ६८, आणि शू ४८ लाच फुटायला लागतो. पाइपचा दाब चढू लागला की चोकमधून थोडे थोडे मड सोडून तो २० च्या जरासा वर राखायचा. 'विहीर बंद आहे, आता निवांत विचार करू' असा वेळ तुमच्याकडे नाही.

किल करणे

किल करणे म्हणजे शिरलेला गॅस बाहेर काढून जड मडने विहीर पुन्हा शांत करणे. त्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. वेट अँड वेटमध्ये जड मड तयार करून एकाच फेरीत काम होते, शूवर ताण बहुधा कमी पडतो. ड्रिलर्स पद्धतीत आधी जुन्याच मडने गॅस बाहेर काढायचा आणि दुसऱ्या फेरीत जड मड भरायचे. समुद्रात आमचा कल ड्रिलर्स पद्धतीकडे आहे. १०० घनमीटर मड १.२० वरून १.३० ला न्यायला सुमारे साडेचौदा टन बराइट (मड जड करायची खनिज पूड) लागते. ते मिसळेपर्यंत गॅस वर सरकत राहतो आणि पावसाळ्यात बराइटचे जहाज वेळेवर लागेलच असे नाही.

त्यासाठी मंद गतीचा पंप दाब आधीच माहीत हवा. दर शिफ्टला, आणि मड किंवा बिट बदलल्यावर, मिनिटाला ३० स्ट्रोकवर तो घेऊन ठेवा. समजा तो ३५ किलो आहे. सुरुवातीचा फिरता दाब ३५ अधिक २०, म्हणजे ५५. शेवटचा ३५ × १.३० ÷ १.२०, म्हणजे ३८.

पहिली फेरी: पंप पाच-पाच स्ट्रोकने वाढवा आणि तोवर चोक हलवून केसिंग ३२ वर धरून ठेवा. ३० स्ट्रोकला पाइपवर ५५ च्या जवळ दिसेल. आता लक्ष पाइपवर न्या आणि गॅस बाहेर पडेपर्यंत ५५ राखा. दुसरी फेरी: पाइपमधले १८ घनमीटर, स्ट्रोकला १६ लिटर, म्हणजे ११२५ स्ट्रोकमध्ये १.३० मड बिटला पोहोचते. तोवर केसिंगचा दाब स्थिर ठेवा, त्यानंतर पाइपवर ३८ राखा.

चोकवर बसलेल्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते. २ घनमीटर गॅस २६० किलोखाली आहे. दाब निम्मा झाला की तो दुप्पट: १३० किलोला ४ घनमीटर, ६५ ला ८, आणि पृष्ठभागावर तापमान सोडून दिले तर पाचशेच्या वर. म्हणजे जवळजवळ सगळा फुगवटा शेवटच्या काहीशे मीटरमध्ये होतो. तेव्हा केसिंगचा काटा आणि टाकी दोन्ही चढताना पाहून माणूस घाबरतो आणि चोक उघडतो. पाइपचा दाब पडतो, तळाचा दाब पडतो आणि दुसरी किक आत येते. केसिंग चढणे अपेक्षितच आहे. आणि घाई नको: चोक हलवला की परिणाम पाइपच्या मापकावर ३०० मीटरमागे एक सेकंद या हिशेबाने येतो. २००० मीटर खाली आणि तितकेच वर, म्हणजे तेरा-चौदा सेकंद. त्याआधी पुन्हा हात लावला तर आपण आपल्याच मागे धावत राहतो.

बंद करायची नाही तेव्हा

वरच्या काहीशे मीटरमध्ये, पृष्ठभागाचे केसिंग बसण्याआधी गॅस लागला तर विहीर बंद करू नका. शूखालची माती इतकी कच्ची असते की गॅस केसिंगबाहेरून फुटून समुद्रतळातून वर येईल आणि जॅक-अपच्या (समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या रिगच्या) पायाखालची जमीनच सैल होईल. अशा वेळी डायव्हर्टर, म्हणजे प्रवाह रिगपासून दूर समुद्राकडे वळवणारी यंत्रणा: वाऱ्याच्या उताराकडची लाइन आधी उघडायची, मग पॅकर (पाइपभोवतीचा रबरी सील) बंद करायचा आणि पूर्ण वेगाने मड, ते संपले की समुद्राचे पाणी पंप करत राहायचे. गॅससोबत येणारी वाळू डायव्हर्टरची वळणे तासाभरातही खाऊन टाकू शकते. १९८५ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात वेस्ट व्हॅनगार्ड रिगवर तेच झाले. म्हणून डायव्हर्टर उघडला की ज्यांचे काम नाही त्यांनी लाइफबोटीजवळ जमायचे.

मुंबई हायसारख्या चुनखडकाच्या, बरीच वर्षे उपसा झालेल्या क्षेत्रात उलटाही प्रकार घडतो. मड भेगांत पळून जाते, पातळी खाली जाते आणि वरचा दुसरा थर वाहू लागतो. मड परत येणे थांबले की अॅन्युलस वरून पाण्याने भरा, पण मोजून भरा. किती घनमीटरने विहीर भरली यावरून किती दाब उरला ते कळते. न मोजता ओतले तर ती माहिती कायमची गेली. आणि मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीन क्षेत्राकडचा गॅस आंबट आहे, हायड्रोजन सल्फाइड असलेला. सडक्या अंड्यांचा वास अचानक थांबला तर गॅस गेला असे समजू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खालच्या डेकवर साचतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि उंचावर जा.

अडथळे दोन, आणि तपासलेले

बीओपीचा भरवसा कागदावर नको, घड्याळावर हवा. पृष्ठभागावरच्या बीओपीचा रॅम ३० सेकंदांत बंद झाला पाहिजे. अॅक्युम्युलेटर (बीओपी चालवणारा दाबाखालच्या द्रवाचा साठा) ३००० पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच), त्यातला नायट्रोजन आधी १००० पीएसआयला भरलेला. बंद करण्याच्या चाचणीनंतर या १००० च्या वर निदान २०० पीएसआय उरले पाहिजेत. दाबचाचणी आधी कमी दाबावर, २५० ते ३५० पीएसआयला, मगच पूर्ण दाबावर. आधी जास्त दाब दिला तर तो गळका सील दाबून बसवतो आणि दोष लपतो.

कुठल्याही क्षणी विहिरीत दोन स्वतंत्र, तपासलेले अडथळे हवेत. आसाममध्ये बागजान ५ क्रमांकाच्या विहिरीवर २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना बीओपी उतरवली गेली आणि खालच्या सिमेंटच्या अडथळ्याने साथ दिली नाही. विहीर ताब्यात यायला नोव्हेंबर उजाडला. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर ११ माणसे गेली. तिथल्या निगेटिव्ह टेस्टमध्ये (विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून खालून काही शिरते का ते पाहायच्या चाचणीत) ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय आणि किल लाइनवर (बीओपीच्या बाजूने विहिरीत मड ढकलायच्या नळीवर) शून्य दिसत होते. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उघडतात. ओट्यावरची यू नळी पाहिलेल्याला कळेल की हे दोन आकडे एकत्र खरे असू शकत नाहीत. त्याला एक सोयीचे स्पष्टीकरण चिकटवले गेले. त्याच दिवशी मड जहाजावर दिले जात होते, टाक्यांमध्ये इकडून तिकडे जात होते, त्यामुळे आत-बाहेरचा हिशेब लागतच नव्हता. आणि विहीर उसळल्यावर प्रवाह समुद्राकडे न वळवता मड-गॅस सेपरेटरकडे वळवला गेला, जो इतक्या प्रवाहासाठी बनलेलाच नसतो. गॅस थेट रिगवर पसरला.

निगेटिव्ह टेस्टला बसताना म्हणून तीन गोष्टी आधी लिहून ठेवा: किती लिटर परत आले तर पास, किती वेळ शून्य प्रवाह हवा, कोणत्या मापकावर किती दाब चालेल. निकष निकालानंतर ठरवला तर तो निकालाला साजेसाच निघतो.

किल पूर्ण झाल्यावरही बीओपी झटकन उघडू नका. पंप थांबवून दोन्ही मापके शून्य दाखवतात का ते पाहा, चोकमधून प्रवाह नाही याची खात्री करा. अॅन्युलरच्या खाली, चोक लाइनच्या तोंडाच्या वर, थोडा गॅस अडकून राहिलेला असतो. अॅन्युलर उघडला की तो मडसकट रोटरीतून वर फेकला जातो. खालचा पाइप रॅम बंद करून किल लाइनने आत मड ढकला आणि तो गॅस चोक लाइनने बाहेर काढा. मग फ्लोरवरची माणसे बाजूला घेऊन उघडा, मड एकदा पूर्ण फिरवा, ट्रिपसाठी थोडे अधिक जड करा, नव्या मडवर मंद गतीचा पंप दाब पुन्हा घ्या आणि पुढच्या शिफ्टच्या ड्रिलरला टाकीचा आकडा तोंडी न सांगता वहीत लिहून, टाकीजवळ उभे राहून दाखवा.